सिगडीमागचा माणूस



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनस, संप आणि टाळेबंदी यांवरच बोलणार, अशी आपली समजूत असते, आणि ती वावगी नाही. आमचे आयुष्य त्यातच गेले. परंतु व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड आमच्यावर सोपवली, म्हणून आज आम्ही कबाबावर बोलणार आहोत. आमची शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात. तेव्हा पंडिताच्या तोंडची गोष्ट आमच्याकडून मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

एका कुटुंबाने हातगाडीवर एखादा खाद्यपदार्थ विकायला सुरुवात करायची, दोन पिढ्यांत त्याच्या चार शाखा व्हायच्या आणि त्या घराचे नाव शहराच्या नावाशी जोडले जायचे, अशा कथा आपण आवडीने वाचतो. त्या खऱ्याही असतात. पण त्यांत एक पान बहुधा कोरे असते. ते पान कोणते, हे पाहण्याचा आजचा उद्योग आहे.

निखाऱ्यावर मांस भाजणे हा माणसाचा फार जुना धंदा. ज्याला आता 'बार्बेक्यू' म्हणतात तो शब्द कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा. ते लाकडाची माची बांधून खाली विस्तव करीत. स्पॅनिश लोकांनी तो शब्द उचलला, 'बार्बाकोआ' केला आणि पुढे इंग्रजीने तो घेतला. पण म्हणून ही विद्या आपल्याकडे बाहेरून आली असे कोणी समजू नये. सळईवर भाजलेल्या मांसाला संस्कृतात 'शूल्य' असा शब्दच आहे. ज्या कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य आपल्या या मराठवाड्यावर होते, त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या भोजनाचे प्रकरण आहे आणि सळईवर भाजलेल्या मांसाचे प्रकारही आहेत. राजाचे नाव ग्रंथावर आहे. सळई फिरवणाऱ्याचे नाव त्यात शोधू नये.

आपल्या शहराचेही तसेच आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, पुढे औरंगजेबाने तिचे औरंगाबाद केले, आणि २०२३ पासून आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो. नावे बदलली, पण इथला नान-खलिया राहिला. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला आणली, तेव्हा फौजेला एकदम जेवू घालण्यासाठी हा पदार्थ निघाला अशी समजूत आहे. समजूत खरी असो वा नसो, तिच्यातला एक अर्थ आम्हांस पटतो. मोठ्या भट्टीवर शेकडो माणसांचे एकदम शिजवणे हे एकट्याचे काम नव्हे, ते फळीचे काम आहे. कणीक मळणारा वेगळा, भट्टीत हात घालणारा वेगळा, देगीपाशी उभा राहणारा वेगळा. रमझानच्या रात्री शहागंज आणि सिटी चौकाच्या बाजूला चक्कर टाका, म्हणजे ही फळी आजही आपल्या डोळ्यांनी पाहायला मिळेल.

आता एका घराची गोष्ट घेऊ. मुंबईला कुलाब्यात, ताजमहाल हॉटेलाच्या मागे, टुलक रोडवर 'बडेमियाँ' नावाची कबाबाची प्रसिद्ध जागा आहे. मोहम्मद यासीन नावाच्या उत्तरेकडून आलेल्या एका तरुणाने १९४६ साली ती सुरू केली. घरचे लोक सांगतात ती कथा अशी, की त्यांच्या गुरूंनी वीस रुपये हातावर ठेवले आणि शीग-कबाबाचा धंदा कर म्हणून सांगितले. पुढे दाढीमुळे आणि आदरामुळे लोक त्यांना बडेमियाँ म्हणू लागले आणि तेच दुकानाचे नाव झाले.

काळ कोणता होता ते ध्यानात घ्या. १९४६ च्या फेब्रुवारीत त्याच मुंबईत आरमाराच्या खलाशांनी बंड केले होते. अपोलो बंदराच्या आसपास गोदी, आरमार, मोठी हॉटेले, नाटक-सिनेमे. रात्री उशिरा भूक लागलेला माणूस तिथे भरपूर. ताजमहालात जायला पैसा लागे आणि पोशाखही लागे; मागच्या गल्लीत नुसती भूक पुरे. ज्याच्याकडे मोटार होती त्याने बॉनेटवर ताटली ठेवावी, ज्याच्याकडे नव्हती त्याने उभ्याने खावे. श्रीमंताला आणि खलाशाला एकाच शेगडीसमोर ताटकळत ठेवणारी जागा शहरात फार थोडी असते. समतेची मोठमोठी भाषणे आम्ही केली आहेत, पण ती इतक्या सहजपणे अमलात आलेली क्वचितच पाहिली.

पुढे समोर बसायची सोय झाली, मुले धंद्यात आली, फोर्टात हॉर्निमन सर्कलजवळ आणि शहरात इतरत्र शाखा निघाल्या. दिल्लीला जामा मशिदीजवळ 'करीम' आहे. हाजी करीमुद्दीन यांनी १९११ च्या दिल्ली दरबाराची गर्दी पाहून तिथे साधे जेवण विकायला सुरुवात केली आणि १९१३ मध्ये हॉटेल थाटले. लखनौला १९०५ पासून 'टुंडे कबाबी' आहे. हाजी मुराद अली यांचा एक हात गेलेला होता, म्हणून त्यांना टुंडे म्हणत. गेलेल्या हाताच्या नावावर चाललेले दुकान जगात दुसरे असेल असे वाटत नाही. कामगार नुकसानभरपाईचे दावे चालवणाऱ्या माणसाला ही कथा ऐकून काय वाटले असेल, ते आपण समजू शकता.

या सर्व कथांत सांगाडा एकच आहे. परगावाहून आलेला माणूस, थोडे भांडवल, एक गुरू, एक कृती जी घराबाहेर जात नाही, मग मुले, मग शाखा. मूळ पुरुषाच्या कष्टाला आम्ही मनापासून नमस्कार करतो. तो स्वतः धुरात उभा राहिलेला असतो. त्याला भांडवलदार म्हणून हिणवणे हे अडाणीपणाचे होईल. तो कारागीर असतो.

कारागीर म्हणजे काय, ते थोडे समजावून घेऊ. शीग-कबाब वरून सोपा दिसतो. खिम्यात चरबी कमी पडली तर कबाब कोरडा होतो, जास्त झाली तर वितळून निखाऱ्यावर पडते, भडका उठतो आणि बाहेरून काळा, आतून कच्चा असा माल निघतो. खिम्याला पाणी सुटलेले असेल तर तो सळई सोडतो. ओल्या हाताने एका ओढीत तो सळईवर सारखा पसरवावा लागतो. कोळसा लाल होऊन वर राख धरू लागली की मांडायचे, आधी नाही. पंखा कुठे मारायचा आणि कुठे थांबवायचा हे डोळा आणि कातडी सांगते, घड्याळ सांगत नाही. हे शिकायला वर्षे लागतात. तोपर्यंत हाताचे केस जळालेले असतात आणि छातीत धूर बसलेला असतो.

आता दुकान एकाचे चार झाले. मूळ पुरुष चार सिगड्यांपुढे उभा राहू शकत नाही. मग काय करावे? दोन उपाय असतात. एक म्हणजे चार कारागीर तयार करावेत आणि त्यांना कारागिराचा पगार द्यावा. दुसरा म्हणजे कसब माणसाच्या हातातून काढून वजनकाट्यावर ठेवावे. एका मध्यवर्ती भटारखान्यात मसाला मोजून भरावा, खिमा तिथेच कालवावा, डब्यांतून शाखांना पाठवावा आणि शाखेत कालच आलेला पोऱ्या तो सळईवर लावील अशी व्यवस्था करावी. चव सारखी राहते, हिशेब सोपा होतो. आणि उस्तादाची किंमत पोऱ्याइतकी होते. गिरणीत मागावर जे झाले तेच इथे सिगडीवर होते.

या वाटेने शेवटपर्यंत गेले म्हणजे काय होते, तेही आपल्यासमोर आहे. २००६ साली निघालेल्या 'बार्बेक्यू नेशन'ने सिगडी गिऱ्हाइकाच्या टेबलातच बसवली आणि २०२१ मध्ये त्या कंपनीचे भाग शेअर बाजारात विकायला आले. म्हणजे सळई फिरवण्याचे काम गिऱ्हाईक हौसेने स्वतः करते आणि वर पैसे देते! यात काही पाप आहे असे आमचे म्हणणे नाही. पण कामगाराचे काम कुठून कुठे सरकले, हे चळवळीतल्या माणसाने पाहून ठेवावे.

परंतु आमच्या मते खरी मेख निराळीच आहे. ती 'घरचा माणूस' या दोन शब्दांत आहे. अशा हॉटेलात नोकर ठेवतात तो बहुधा गावाकडचा, नात्यातला, ओळखीतला. तो वर माळ्यावर निजतो, तिथेच जेवतो. लग्नाला उचल घेतो, बापाच्या आजारपणाला उचल घेतो. मालक म्हणतो, अहो, हा आमच्या घरचाच माणूस. बोलताना मालकाचा गळाही दाटून येतो, आणि तो ढोंग करीत नसतो. पण घरच्या माणसाला हजेरीपट नसतो. घरच्या माणसाला कामाचे तास नसतात. घरच्या माणसाने साप्ताहिक सुट्टी मागितली तर तो कृतघ्न ठरतो. आणि दुकानाचे चार दुकाने होताना वाटणीला कोण बसते? तिथे घरचा कोण आणि बाहेरचा कोण, हे एका क्षणात ठरते.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. हॉटेलातल्या माणसाला साप्ताहिक सुट्टी आणि नऊ तासांची मर्यादा १९४८ च्या मुंबईच्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिली. जॉर्ज फर्नांडिस पुढे मुंबई बंद करणारे म्हणून गाजले. पण मुंबईस येण्यापूर्वी, ऐन विशीच्या आसपास, त्यांनी मंगळुरात हॉटेल कामगार आणि मोटार कामगार यांच्यात काम सुरू केले होते. एका छपराखाली पाचशे माणसे असतील तर सभा भरते. पाच असतील तर ती मालकाच्या समोरच भरवावी लागते. म्हणून हॉटेल कामगारांची संघटना करणे हे गिरणीपेक्षा अवघड काम आहे.

पुढे कायदे बदलले. १० ऑक्टोबर २००६ पासून ढाबे आणि हॉटेले यांत चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यास बंदी झाली, ही चांगली गोष्ट झाली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने दुकानांचा नवा कायदा केला, पण त्याचा मुख्य भाग दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लावला. परिणाम काय झाला असेल, ते सांगायला नको. हजेरीपटावर नऊ नावे आणि पंगतीला पंधरा पाने.

याचा एक अनुभव सांगतो. हॉटेलाचे आणि माणसांचे नाव सांगणार नाही, कारण ती माणसे आजही धंद्यात आहेत. आपल्या शहरापासून फार दूर नसलेल्या हमरस्त्यावर एका कुटुंबाचे हॉटेल आहे. तिथला सिगडीवरचा माणूस चौदा वर्षे काम करून डोळ्यांनी अधू झाला. धाकट्या मालकांनी त्याला महिन्याचा पगार आणि एक सदरा देऊन निरोप दिला. तो आमच्याकडे आला. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा. दहा माणसे असतील तिथे तो लागू होई आणि पाच वर्षे सलग नोकरी झालेल्याला प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार देई. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता अमलात आल्या, त्यांतही वर्षाला पंधरा दिवस हेच माप ठेवले आहे. पगार बारा हजार. त्याला सव्वीसने भागून पंधराने गुणले म्हणजे वर्षाचे सहा हजार नऊशे तेवीस होतात. चौदा वर्षांचे ९६,९२३ रुपये. मालकांनी हजेरीपट पुढे केला. नावे नऊ! कायदा लागू नाही.

आम्ही गल्ल्याच्या वर पाहिले. तिथे हॉटेलाच्या दहाव्या वर्धापनदिनाचे छायाचित्र टांगलेले होते, हार घातलेले. मध्ये कुटुंब आणि दोन्ही बाजूंना एकसारखे सदरे घातलेले चौदा नोकर, खाली तारीख. कायद्यात एक कलम असे होते, की एकदा दहाची संख्या झाली आणि कायदा लागू झाला, की पुढे संख्या घटली तरी तो लागूच राहत असे. आम्ही ते छायाचित्र उतरवून टेबलावर ठेवले. धाकटे मालक म्हणाले, हे कोण ते आम्हांस आठवत नाही. तेव्हा थोरले मालक, ज्यांनी ते हॉटेल उभे केले, ते आतून आले. त्यांनी चष्मा पुसून लावला आणि बोट ठेवून चौदाही जणांची नावे सांगितली. कोण कुठल्या गावचा, कोण कोणत्या साली आला, कोणाचे लग्न त्यांनी लावून दिले, सर्व सांगितले. मग मुलाला म्हणाले, "मी कपबशा विसळल्या आहेत रे. देऊन टाक." प्रकरण कोर्टात गेले नाही. पैसे तीन हप्त्यांत मिळाले.

ही गोष्ट सांगून आम्ही थोरल्या मालकांची आरती करीत नाही. त्यांनीच पाच नावे हजेरीपटाबाहेर ठेवली होती. पण त्यांना नावे ठाऊक होती, आणि पुढच्या पिढीला फक्त आकडा ठाऊक होता. दुकानाची शाखा निघते तेव्हा मूळ पुरुषाची ही आठवण शाखेत जात नाही. ती डब्यात भरून पाठवता येत नाही. म्हणून आठवणीच्या जागी कागद लागतो. हजेरीपट, पगाराची चिठ्ठी, नेमणुकीचे पत्र यांना मालक लोक अविश्वासाची निशाणी समजतात. आमचे म्हणणे उलट आहे. आठवण थकते, माणूस मरतो, वाटण्या होतात. त्यानंतरही विश्वास टिकावा म्हणून कागद असतो.

आणि कागद मालकाच्याही हिताचा असतो. बडेमियाँचेच उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने परवान्याच्या आणि स्वच्छतेच्या कारणावरून त्यांचा धंदा थांबवण्याचा आदेश दिला. पाऊणशे वर्षांची पुण्याई पाठीशी असलेल्या दुकानालाही परवान्याचा कागद चुकत नाही. आणि अशा वेळी दुकानाला कुलूप लागले तर रोजावर असलेल्या माणसाची चूल त्याच रात्री थंड होते, हे वर्तमानपत्रात येत नाही.

आणखी एक संकट दारात उभे आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले, आणि पालिकेने कोळशाचे तंदूर असलेल्या हॉटेलांनाही नोटिसा दिल्या. खवय्ये हळहळले, गॅसवर ती चव येणार नाही म्हणाले. येणार नाही हे खरे असेल. पण धुराचा विचार आपण गल्लीतल्या हवेपुरताच का करतो? त्या धुरात दिवसाचे दहा-बारा तास उभे राहणाऱ्या माणसाची छाती सर्वांत आधी काळी होते. त्याच्या बाजूने पाहिले तर हा हुकूम उशिराच आला. मात्र कोळसा गेला आणि त्याच्याबरोबर कारागीरही गेला, असे होता कामा नये. नव्या भट्टीवर त्यालाच शिकवून उभे करावे. चव कोळशात काही अंशी असते, हातात त्याहून जास्त असते.

अमेरिकेच्या दक्षिण भागात बार्बेक्यूचा मोठा अभिमान आहे. तिथेही घराण्यांची हॉटेले आहेत, पिढ्यानुपिढ्यांचे मसाले आहेत. पण रात्रभर खड्ड्याशेजारी जागून मांस भाजण्याची विद्या तिथे मुख्यत्वे काळ्या गुलामांच्या हातांनी वाढली. पाट्यांवर नावे मालकांची लागली. त्या हातांची नावे आता कुठे अभ्यासक धुंडाळू लागले आहेत. नावे वेळेवर लिहिली नाहीत म्हणजे शे-दीडशे वर्षांनी ती खणून काढावी लागतात.

मग आपण श्रोत्यांनी काय करायचे? आम्ही आपणांस हॉटेलात जाऊ नका असे सांगणार नाही. गिऱ्हाईक तुटले तर पहिला वेटर जातो. बिलावर सेवाशुल्क असेल, तर ते वेटरला मिळते का, एवढे विचारा. ते शुल्क गिऱ्हाइकाच्या मर्जीचे आहे, असे केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते उचलून धरले. ते आपण दिले नाही, तर तेवढेच पैसे वाढणाऱ्याच्या हातावर ठेवा. दुसरे, त्याला सहज विचारा, तुझी सुट्टी कोणत्या वारी असते? वार चटकन सांगितला तर समजा ठीक आहे. तो हसून गल्ल्याकडे पाहू लागला, तर उत्तर आपल्याला मिळाले.

आणि या सभेत हॉटेलवाले बंधू बसले असतील, तर त्यांस हात जोडून एकच विनंती. आपल्या घराण्याचा इतिहास जरूर लिहा, छापा, चौकटीत लावा. आपल्या वडिलांनी तो कमावलेला आहे. पण त्याच चौकटीत सिगडीवर उभे राहिलेल्यांची नावे घाला, गाव आणि साल यांसह. आणि ती नावे भिंतीवर लावण्यापूर्वी हजेरीपटावर घाला. हजेरीपटावर आलेले नाव ज्याचे त्याला पुढे उपयोगी पडते. नुसत्या भिंतीवरच्या नावाला हारच तेवढा मिळतो.